सोलापुरातला 'युद्धाचे शेवटचे महिने' वर्ग: पैसे वसूल, फक्त ब्रह्मदेशाला वेळ वाढवा

सात रस्त्याच्या पुढं एका हॉलमध्ये दर रविवारी सकाळी दुसऱ्या महायुद्धावर वर्ग चालतो. आत्ता जी सीरिज झाली ती डिसेंबर १९४४ ते ऑगस्ट १९४५ एवढ्याच काळाची होती, म्हणजे निकाल जवळजवळ लागला होता आणि तरी रोज हजारोंनी माणसं मरत होती तो काळ. घेणारे सर लष्करातून रिटायर झालेले, मूळ आपल्याच भागातले. त्यांना जाहिरात आवडत नाही म्हणून नाव लिहीत नाही. पूर्ण सीरिजची फी बाराशे, कॉलेजच्या पोरांना निम्मी, चहा त्यातच. मी सगळी सीरिज केली आणि आता ओळखीतले बरेच जण विचारायलेत की कसा आहे, जावं का, पोरांना पाठवावं का, तर एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आधी हे सांगतो की कोणी जाऊ नये. टायगर टँकचा पत्रा किती जाडीचा आणि कुठली तोफ कुठल्या तोफेला भारी असल्या गप्पांसाठी जाणार असाल तर नका जाऊ, तिथं ते होत नाही. पीपीटी नाही, व्हिडिओ नाही. हिटलर कसला ग्रेट होता हो म्हणणारे एक-दोन जण पहिल्या रविवारी आले होते, त्यांना सरांनी उठून जा म्हटलं नाही, फक्त पुढच्या दोन तासांत एकेक हुकूम तारखेसकट समोर मांडला. पुढच्या वेळी त्यातला एकच आला आणि तो नंतर शेवटपर्यंत मन लावून बसला.

शिकवायची पद्धत हीच या वर्गाची खरी किंमत आहे म्हणून ती नीट सांगतो. मोठ्या टेबलावर मांजरपाटाचं कापड अंथरलेलं, त्यावर हातानं रंगवलेल्या नद्या, डोंगर, शहरं, आणि वर बटणं. युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यातली उरलेली बटणं, आपल्या गावात त्याला काय तोटा. एक बटण म्हणजे दहा हजार माणसं. पांढरी जर्मन, तपकिरी रशियन, निळी अमेरिकन-ब्रिटिश आणि त्यांच्यासोबत लढणारे. नियम असा की बटण हलवायचं असेल तर आधी तीन गोष्टी सांगायच्या: तारीख कुठली, हुकूम कोणाचा, आणि हुकूम देणाऱ्याला त्या दिवशी सकाळी काय काय माहीत होतं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. नंतर काय झालं हे आपल्याला माहीत असतं त्यामुळं आपण सगळ्यांनाच वेड्यात काढतो, सर तिथंच थांबवतात, "ते तुम्हाला आज माहितीये, त्याला तेव्हा काय माहिती होतं ते बोला." आणि माणसं मेली की बटण टेबलाखालच्या स्टीलच्या ताटलीत टाकायचं. टण्णकन आवाज होतो. पहिल्या तासाला पोरं हसली त्या आवाजाला, नंतर कोणी हसलं नाही.

पहिला विषय आर्डेनचा, म्हणजे बेल्जियमच्या बाजूचा जंगल-डोंगराचा भाग. १६ डिसेंबर १९४४ ला हिटलरनं पश्चिमेकडं शेवटचा मोठा हल्ला केला, अँटवर्प बंदर घ्यायचं आणि ब्रिटिश-अमेरिकन फौजा मधोमध तोडायच्या असा बेत. रुंडस्टेट आणि मोडेल हे त्याचेच सेनापती, दोघंही म्हणत होते की एवढी ताकद नाहीये आपल्याकडं, लहान हल्ला करू, ते ऐकलं नाही. पहिल्याच लाटेत दोन लाखांहून जास्त माणसं, म्हणजे वीस-एकवीस पांढरी बटणं टेबलाच्या डाव्या अंगाला सरकली. सुरुवातीला जर्मन आत घुसले, अँटवर्पच्या आसपासही पोचले नाहीत आणि जानेवारी संपता संपता होते तिथं परत. अमेरिकेची १९ हजारांच्या आसपास माणसं ठार, जर्मनांची नुकसानी पण तेवढीच भयंकर, फरक एवढाच की अमेरिका ती भरून काढू शकत होती आणि जर्मनी नाही.

इथपर्यंत सगळ्यांनाच थोडंफार माहीत असतं. पण सर मग टेबलाचा उजवा अंग दाखवतात. तिथं पोलंडमधल्या व्हिस्तुला नदीच्या काठावर पांढरी बटणं मोजकी आणि समोर तपकिरी बटणांचा ढीग. गुडेरियन हा पूर्वेकडचा सगळा कारभार बघणारा जनरल, तो डिसेंबरात आणि परत जानेवारीत हिटलरला आकडे घेऊन सांगत होता की इथं मोठा हल्ला येणार आहे, पश्चिमेकडचं थांबवा आणि टँक इकडं द्या. हिटलरनं ते आकडेच खोटे आहेत म्हणून उडवून लावले. १२ जानेवारीला हल्ला आला आणि ३१ जानेवारीला रशियन ओडर नदीवर, बर्लिनपासून साधारण ७० किलोमीटरवर, म्हणजे सोलापूर ते पंढरपूर एवढंच अंतर राहिलं. तीन आठवड्यांच्या आत. आमच्यातल्या एका काकांनी ती बटणं सरकवली तर त्यांचा हात टेबलाच्या मध्यापर्यंत यायला लागला.

आणि सगळ्यात जास्त राग येतो तो वर कोपऱ्यात बघितल्यावर. लॅटव्हियाच्या किनाऱ्यावर कुरलँड म्हणून एक भाग आहे, तिथं ऑक्टोबर १९४४ पासून जर्मनांची अख्खी आर्मी ग्रुप, म्हणजे एकाहून जास्त आर्म्यांची मिळून फौज, अडकून पडली होती. समुद्रमार्गे काढता येत होती, थोड्या डिव्हिजन काढल्या पण. गुडेरियन परत परत म्हणत होता की सगळी काढा आणि बर्लिनसमोर लावा. हिटलर नाही म्हणाला, नौदलाचा डोनिट्झ पण नाही म्हणाला कारण त्याला नव्या पाणबुड्यांच्या ट्रेनिंगला बाल्टिक समुद्र मोकळा पाहिजे होता. त्या पाणबुड्या युद्धात म्हणाव्या तशा उतरल्याच नाहीत. मे १९४५ मध्ये सगळं संपल्यावर तिथून जवळपास २ लाख माणसं शरण आली. पूर्ण सीरिजभर ती वीस पांढरी बटणं टेबलाच्या कोपऱ्यात तशीच पडून होती, सर मुद्दाम हलवत नव्हते, आणि दर रविवारी आम्ही बर्लिनजवळ बटणं कमी पडली की नजर आपोआप त्या कोपऱ्यात जायची. कुठल्याही व्याख्यानानं एवढं डोक्यात बसलं नसतं.

त्यातच भर म्हणजे हंगेरीतल्या बालाटन तळ्याजवळचा हल्ला. आर्डेनमधून उरलेली एसएसची (म्हणजे नाझी पक्षाच्या स्वतःच्या सशस्त्र दलाची) सहावी टँक आर्मी ओडरवर पाठवायच्या ऐवजी हंगेरीत पाठवली, तेलाच्या विहिरी वाचवायला. ६ मार्चला हल्ला सुरू, सगळीकडं चिखल, टँक रुतून बसले, दहा दिवसांत खेळ खल्लास आणि १६ मार्चला रशियनांचा उलटा हल्ला. १३ एप्रिलला व्हिएन्ना गेलं. तेलाचा मुद्दा मात्र सरांनी बाजूला टाकला नाही, तेलाशिवाय टँक चालत नाहीत ही गोष्ट खरीच आहे, पण बर्लिनच गेलं तर तेल कोणासाठी, यावर आमच्यात लई वाद झाला आणि तो चहाच्या वेळेत पण चालू होता.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "सर, शहरातल्या माणसांचं बटण कुठंय?" सर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. पुढच्या रविवारी लाल बटणांची पिशवी घेऊन आले आणि म्हणाले हे मी आधीच करायला पाहिजे होतं. वर्ग कसा आहे असं विचारणाऱ्यांना मी पहिलं हेच सांगतो. एवढ्या वर्षांचा अनुभव असलेला माणूस विशीतल्या पोरीचं ऐकून सगळी मांडणी बदलतो, हे मी तरी आपल्याकडच्या क्लासमध्ये कमी बघितलंय.

लाल बटणं आल्यावर चित्रच बदललं. बुडापेस्टला रशियनांचा वेढा, डिसेंबरच्या शेवटापासून १३ फेब्रुवारीपर्यंत. हिटलरनं शहर सोडायचं नाही म्हणून सांगितलं, शेवटी ११ फेब्रुवारीला वीस-पंचवीस हजारांवर माणसं फोडून बाहेर पडायला निघाली आणि त्यातली जर्मन आघाडीपर्यंत पोचली ती काहीशेच. गावातले सामान्य लोक मेले ते ३८ हजारांच्या घरात. मग ब्रेस्लाऊ, तेव्हाच्या जर्मनीतलं पूर्वेकडचं शहर. हे मला आधी अजिबात माहीत नव्हतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून वेढा पडला, 'किल्ला' म्हणून घोषित केलेलं शहर, मग लढायचंच. विमान उतरवायला धावपट्टी पाहिजे म्हणून शहराच्या मधोमध एका मोठ्या रस्त्यावरची घरं पाडली, ते काम शहरातल्याच बाया-माणसांकडून आणि पकडून आणलेल्या मजुरांकडून करून घेतलं, गोळीबार चालू असताना. बर्लिन २ मे ला पडलं, ब्रेस्लाऊ ६ मे ला. म्हणजे राजधानी गेली, हिटलर मेला, आणि हे शहर अजून चार दिवस लढत होतं. आणि तिथला पक्षाचा प्रमुख हान्के, शेवटच्या माणसापर्यंत लढा म्हणून लोकांना फाशीगोळी देणारा, तो स्वतः विमानात बसून निघून गेला. याच्यावर हॉलमध्ये एकदम शांतता. एक आजोबा फक्त "हरामखोर" म्हणाले.

बर्लिनचा रविवार सगळ्यात गर्दीचा असतो, लवकर जा, मागं बसलात तर टेबल दिसत नाही. इथं सर जिंकणाऱ्यांकडं वळतात आणि मला हे फार आवडलं, कारण आपल्याला सवय असते की चुका फक्त हरणाऱ्याच्या. पश्चिमेकडच्या ब्रिटिश-अमेरिकन फौजांचा सरसेनापती आयझेनहॉवर, त्यानं मार्च १९४५ च्या शेवटी ठरवलं की बर्लिनकडं जायचं नाही. त्याच्या हाताखालचा जनरल ब्रॅडली, त्याचा अंदाज होता की शहर घ्यायला लाखभर माणसं जखमी-ठार होतील, आणि याल्टाच्या बैठकीत पक्क्या झालेल्या वाटणीनुसार तो भाग नंतर रशियनांनाच जाणार होता. चर्चिल चिडला, आजही काही लोक चिडतात. माझं मत विचाराल तर अख्ख्या युद्धातला हा सगळ्यात शहाणा हुकूम होता, कारण तो माणसं मोजून दिलेला होता.

उलट बाजूला झुकोव्ह आणि कोनेव्ह हे रशियन सेनापती. स्टालिननं दोघांच्या मधली हद्दीची रेघ बर्लिनच्या अलीकडंच संपवली, म्हणजे जो आधी पोचेल त्याचं शहर. १६ एप्रिलला झुकोव्हनं सीलोच्या टेकड्यांवर हल्ला केला, १४३ सर्चलाइट लावून शत्रूचे डोळे दिपवायचे म्हणून, तो उजेड धूर आणि धुळीवर आपटून त्याच्याच सैनिकांच्या डोळ्यांवर परत आला. जर्मन जनरल हाइनरिचीनं पुढच्या खंदकातली माणसं आदल्या रात्रीच मागं घेतली होती, तोफगोळे पडले ते रिकाम्या खंदकांवर. मग झुकोव्हनं घाई करून टँक आर्म्या लवकर सोडल्या आणि चिंचोळ्या रस्त्यांवर सगळं तुंबलं. टेकड्या फोडायला चार दिवस गेले. पूर्ण बर्लिन मोहिमेत रशियन बाजूची ८० हजारांच्या आसपास माणसं मेली, तीन आठवड्यांत. आठ तपकिरी बटणं एकापाठोपाठ एक ताटलीत. शहर पडणारच होतं, १ मे च्या आधी आणि कोनेव्हच्या आधी घ्यायचं होतं एवढंच. रशियनांनी सगळ्यात जास्त सोसलं होतं आणि बर्लिन घ्यायचा हक्क पण त्यांचाच होता हे मी मानतो, पण ती शर्यत त्या बिचाऱ्या शिपायांच्या काय कामाची होती.

इटलीचा रविवार आपल्या लोकांनी चुकवूच नये. १९४५ च्या एप्रिलमध्ये तिथं आपली मराठा पलटण होती. ९ एप्रिलला संध्याकाळी सेनिओ नदी ओलांडायची होती. नदी म्हणजे रुंदी १५ फूट, पाणी चार-पाच फूट, ऐकायला काहीच नाही, पण दोन्ही काठांना ३० ते ३५ फूट उंच मातीचे सरळसोट बांध आणि त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी खोदलेली मोर्च्यांची जाळी, पाण्यालगत सुरुंगांचा पट्टा. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव कंपनी कमांडरसोबत निरोप्या म्हणून होते. पाण्यातून पलीकडं चढले तर मागच्या, म्हणजे पूर्वेकडच्याच बांधाच्या आतल्या अंगातून मशीनगन सुरू झाल्या. कमांडर आणि दोघं जखमी, बाकीचे जागेवर मेले, एकटे जाधव धड. त्यांनी एका जखमीला उचलून पाण्यातून, सुरुंगांतून, पूर्वेकडच्या बांधावर चढून परत आपल्या बाजूला नेलं. परत आले, दुसऱ्याला नेलं. तिसऱ्यांदा आले ते मशीनगनकडं. पहिला मोर्चा टॉमीगननं बंद केला, हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना तर टाकून दिली आणि ग्रेनेडनं पुढचे दोन मोर्चे संपवले, मधे ग्रेनेड संपले म्हणून बांधावर सरपटत जाऊन आणखी घेऊन आले. मग बांधाच्या माथ्यावर उभं राहून पलटणीची युद्धघोषणा देत मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते जिवंत परत आले. सर हे सांगताना नकाशा सोडून भिंतीवर खडूनं बांधाची उंची काढायला जातात आणि भिंत संपते, हॉलचं छत पण त्याच्यापेक्षा खाली आहे.

आणि मग सर जो प्रश्न विचारतात तो या सीरिजचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. मार्चपासून जर्मन एसएस जनरल वोल्फ स्वित्झर्लंडमध्ये अमेरिकनांशी गुपचूप शरणागतीचं बोलत होता. २९ एप्रिलला सही झाली, २ मे पासून इटलीतली लढाई बंद. मग ९ एप्रिलला नदी ओलांडायची गरज होती का? सेनिओवर आणि पुढं जी पोरं गेली ती कशासाठी? हॉलमध्ये सरळ दोन तट पडले. मी गरज होती या बाजूचा. बोलणी तोपर्यंत नुसती बोलणीच होती, स्टालिन त्यावरून भडकला होता, वोल्फच्या हातात फौज नव्हती. जर्मन सेनापती फीटिंगहॉफनं पो नदीच्या मागं हटायची परवानगी मागितली आणि ती हिटलरकडून नाकारली गेली, शेवटी २० एप्रिलला त्यानं स्वतःच हुकूम दिला तोवर उशीर झाला होता, आणि पो च्या अलीकडंच त्याची फौज मोडली. फौज मोडली म्हणून सही झाली. म्हणजे मराठ्यांनी ओलांडलेली नदी वाया गेली असं मला वाटत नाही, ज्यानं मागं हटू दिलं नाही त्याच्या डोक्यावर ते रक्त आहे. समोरच्या तटातल्या एक बाई म्हणाल्या, "अहो पण ज्या घरात तार गेली त्यांना हे सांगून बघा." त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि सरांनी पण दिलं नाही, दोन्ही बाजूंची मतं फळ्यावर तशीच ठेवली. चांगलं केलं.

पॅसिफिकला दोन रविवार आहेत, त्यातला पहिला जरा घाईत जातो. पेलेलिऊ बेट (हे सीरिजच्या काळाच्या जरा आधीचं, सप्टेंबर १९४४ चं) अमेरिकन तीन-चार दिवसांत घेऊ म्हणाले आणि दोन महिन्यांवर लागले, त्यांचाच अ‍ॅडमिरल हॉलसी आधीच म्हणत होता की हे बेट सोडून द्या. ऑस्ट्रेलियन सैन्याचं बोर्नियोतलं ताराकान तर काय बोलावं, १ मे ला उतरले ते विमानतळासाठी, तो दुरुस्त होईपर्यंत ज्या मोहिमेला पाहिजे होता तिची वेळ निघून गेली, २२५ ऑस्ट्रेलियन मेले. मनिलामध्ये जपानी जनरल यामाशितानं शहर सोडायचं ठरवलं होतं पण अ‍ॅडमिरल इवाबुची आपल्या खलाशांना घेऊन शहरातच अडून बसला, महिनाभरात १ लाखाच्या आसपास फिलिपिनो लोक गेले, काही जपान्यांच्या कत्तलीत आणि काही अमेरिकन तोफांखाली. दहा लाल बटणं.

ओकिनावा या जपानी बेटाचा रविवार मात्र पूर्ण ताकदीचा. बकनर हा अमेरिकन सेनापती, त्याला त्याचेच अधिकारी सांगत होते की दक्षिणेला दुसरीकडून फौज उतरवा, समोरून डोकं आपटू नका. त्यानं नाही ऐकलं. रसद पुरवायची अडचण त्यानं सांगितली आणि ती अगदीच खोटी नव्हती. जपानी बाजूचा सेनापती उशिजिमा मेच्या शेवटी शुरीच्या तटबंदीतून निघून दक्षिणेच्या टोकाला गेला, लढाई लांबवायला. त्याच टोकाला बेटावरचे बायका-पोरं म्हातारे जीव वाचवायला आधीच गोळा झाले होते. लढाईत जपानी सैनिक आणि सामान्य लोक धरून दोन लाखांच्या आसपास मेले, सामान्य लोकच जवळपास लाखभर. अमेरिकेचे साडेबारा हजारांच्या आसपास, बकनर स्वतः पण १८ जूनला गेला. जपान्यांनी यामातो ही अवाढव्य युद्धनौका ७ एप्रिलला विमानांच्या छत्राशिवाय पाठवली, ३ हजारांवर खलाशी बुडाले.

यातली माझ्या डोक्यातून न जाणारी तारीख मात्र लढाईची नाहीच. १४ फेब्रुवारी १९४५ ला माजी पंतप्रधान कोनोए यांनी जपानच्या सम्राटाला स्पष्ट सांगितलं की हार आता अटळ आहे, युद्ध थांबवा. सम्राटाचं म्हणणं पडलं की आधी एखादा विजय पाहिजे, मग बोलू. नकाशावर त्या दिवशी मार्चमधलं टोकियो जळालेलं नव्हतं, ओकिनावावर कोणी उतरलेलं नव्हतं, हिरोशिमा आणि नागासाकी जागेवर होती. आमच्या वर्गातल्या एका पोरानं त्या तारखेनंतरची लाल बटणं सगळी एका जागी करून बघितली. मूठभर नव्हती, ओंजळ भरून सांडली.

आता तक्रारी. ब्रह्मदेशाला जेमतेम अर्धा तास, हे बरोबर नाही. मार्चमध्ये मेकटिला घेणारी १७ वी इंडियन डिव्हिजन, पावसाच्या आधी रंगूनला पोचायची धावपळ, आणि मे च्या सुरुवातीला समुद्रातून फौज उतरवली तर जपानी आधीच शहर सोडून गेलेले, यात भारतीय शिपाई लाखांनी होते. युरोपचा एक रविवार कमी करा पण हे वाढवा, मी सरांना तोंडावर पण सांगितलंय, ते बघतो म्हणालेत. डॉ. कोटणीसांच्या गावात चीनच्या आघाडीवर एक शब्द नाही हे पण खटकलं. अणुबॉम्बचा भाग शेवटच्या वीस मिनिटांत उरकला, त्यापेक्षा घेतला नसता तर चाललं असतं. वाचायला काही छापील देत नाहीत, निदान तारखांचा एक कागद द्यावा, कारण मागं बसणाऱ्याला लिहून घेता घेता टेबल बघायचं राहून जातं.

हॉलमध्ये पंखे आहेत पण एप्रिलमध्ये आपल्या उन्हात ते नुसती गरम हवा फिरवतात, पाण्याची बाटली घरून न्या. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, दोन तास बसल्यावर पाठ धरते, ज्येष्ठांनी उशी न्यावी. जिना आहे, लिफ्ट नाही. गाडी लावायला समोरच्या गल्लीत जागा मिळते. वेळ नऊची आणि सर नऊला दार लावतात, त्यात बदल नाही, फौजी माणूस. पोरांना न्यायचं असेल तर आठवी-नववीच्या पुढची न्या, मनिला आणि ब्रेस्लाऊच्या दिवशी लहान पोरं नकोत. एमपीएससी-यूपीएससीवाल्यांना परीक्षेसाठी थेट उपयोग कमी आहे पण निबंध आणि नीतिशास्त्राच्या पेपरला इथली उदाहरणं सोन्यासारखी आहेत. पुढची सीरिज पहिल्या महायुद्धातल्या १९१८ सालावर आहे असं सांगितलंय, नाव हॉलवर जाऊनच नोंदवावं लागतं, फोनवर घेत नाहीत, आणि जागा तीस-पस्तीसच आहेत.